काढायचं नाही, झाकायचं

आमचे साहेब भाजी आणायला जाताना पण कंपनीचा हिरवा गॉगल घालायचे, त्यामुळे त्यांच्या घरी कायम कच्चे टोमॅटो असायचे. हे मला कुणी सांगितलेलं नाही हां! मी स्वतः पिंपरीच्या मंडईत त्यांच्या मागे पिशवी घेऊन उभी होते. त्या काचांतून लाल रंग काळा दिसतो. साहेबांनी लालभडक टोमॅटोंचा ढीग बघितला आणि भाजीवालीला म्हणाले, "बाई, सगळे सडलेत की हो!" आणि तिने गिऱ्हाइकाला नकोत म्हणून मागे सारलेले हिरवेगार टोमॅटो भराभर पिशवीत टाकले. भाजीवालीने त्यांना वरून खालपर्यंत बघून घेतलं.

"साहेब, डोळे आलेत का?"

"आले नाहीत. जाऊ नयेत म्हणून घातलाय."

मी मागून हसले तर वळून मला म्हणाले, "हस. कंपनीत घालायचा आणि गेटवर काढायचा असं केलं ना, की तो गॉगल ड्युटी वाटतो. मला तो नाक वाटला पाहिजे. नाक कुणी घरी विसरून येतं का?"

तर असे आमचे लेझर रूमचे साहेब. त्यांचं खरं नाव सांगणार नाही, सांगितलं तरी कंपनीत कुणाला कळायचं नाही. सगळे त्यांना टोपीसाहेब म्हणायचे. टोपीचं पुढे येतंच. आधी ती खोली सांगते, नाहीतर काहीच कळणार नाही.

आमची कंपनी गाड्यांचे मीटर बनवायची, स्पीडचे, पेट्रोलचे. त्या मीटरच्या पोटात केसासारखी बारीक स्प्रिंग असते, ती टिकलीएवढ्या चकतीला जोडायची. आधी ते काम डाग देऊन करायचे, निम्मा माल रिजेक्ट! मग मालकांनी परदेशातून लेझरचं मशीन मागवलं आणि बारीक बोटं लागतात म्हणून त्यावर आम्हा मुलींना घेतलं. मशीन म्हणजे एक टेबल, टेबलावर झाकण, वर भिंग, खाली पायाजवळ पेडल. तुकडा ठेवायचा, झाकण लावायचं, पेडल दाबायचं, टक्! एक इवलीशी ठिणगी, की झालं वेल्डिंग. ठिणगी दिसायची, पण ती पाडणारा किरण दिसायचा नाही. अजिबात नाही! अंधारात नाही, उजेडात नाही. आणि तो चकाकणाऱ्या वस्तूवर पडला तर उसळून कुठेही जाणार, कुणाच्याही डोळ्यात. म्हणून झाकणाखाली एक बटण होतं. झाकण उघडलं की बटण सुटायचं आणि किरण बंद. शिवाय मशीनला एक किल्ली होती. किल्ली फिरवल्याशिवाय काही म्हणजे काही चालू व्हायचं नाही. ती किल्ली साहेबांच्या गळ्यात, बनियनच्या आत, काळ्या दोऱ्याला. जेवताना पण तिथेच.

"नवीन डोळे स्टोअरमधून मिळत नाहीत," हे त्यांचं रोजचं. "इंडेंट टाकून बघा. स्टोअरकीपर काय देतो ते मला पण दाखवा."

चकाकणाऱ्या वस्तूंशी त्यांचं उभं वैर होतं. अख्खी खोली त्यांनी फळ्याच्या काळ्या रंगाने रंगवून घेतली. भिंती, कपाट, स्टूल, दाराची कडी. मग त्यांना हातच आवरेना. स्वतःच्या सायकलची घंटी रंगवली, मडगार्ड रंगवलं, जेवणाचा स्टीलचा डबा बाहेरून रंगवला. बेल्टचं बक्कल पण काळं. एकदा आम्ही कँटीनमधून आलो तर आमच्या पाण्याच्या तांब्यावर रंगाचा दुसरा हात चालू होता. आमच्या केसांचे आकडे काळेच असतात, पण त्यांना ते चमकतात असं वाटायचं, म्हणून तेही गोळा करून रंगवून, वाळवून, प्रत्येकीचे प्रत्येकीला परत. शालन म्हणाली, "साहेब, आता आमाला बी एक हात मारा." साहेब गंभीरपणे तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले. तिला वाटलं, मारतात की काय!

शालन म्हणजे माझ्या शेजारच्या स्टुलावरची. चाकणच्या पलीकडच्या गावची, लग्न होऊन एक वर्ष झालेलं, तोंडाचा पट्टा लेझरपेक्षा जोरात. पहिल्या दिवशी खरं भांडण तिचंच झालं. कारण बाकीच्या कंपन्यांत नियम सोपा असतो, दागिने काढून ठेवा. मशीनवर बसताना मंगळसूत्र काढायचं? शालन उभीच राहिली.

"मी न्हाई काढायची. माझी सासू गेटावर येऊन बसंल."

आम्हाला वाटलं, आता हिची बदली पॅकिंगला. साहेब तिच्या मंगळसूत्राकडे बघत म्हणाले, "काढ कोण म्हणालं? काढायचं नाही, झाकायचं." आणि दुसऱ्या दिवशी घरून काळ्या कापडाच्या छोट्या छोट्या थैल्या घेऊन आले, स्वतः शिवलेल्या! टाके असे वेडेवाकडे की काय सांगू. मंगळसूत्राच्या वाट्या थैलीत, थैली ब्लाऊजच्या आत, वर अॅप्रन. बांगड्यांवर काळ्या बाह्या. नाकातल्या चमकीवर काळ्या पट्टीचा टिपका. आम्ही सगळ्या मिळून अशा दिसायचो की वॉचमन म्हणायचा, "या, या, कावळ्यांची शाळा सुटली."

मग शालनने शेवटचा बाण काढला. "आमालाच समदं. तुमाला काय झाकायचं हाय वं?"

साहेबांनी डोक्यावरची काळी लोकरीची टोपी कानापर्यंत खाली ओढली. "बाई, या खोलीतली सगळ्यात धोकादायक वस्तू म्हणजे माझं टक्कल. आरशासारखं आहे. या वयात मला टोपीने घाम येतो, खाज येते, लोक हसतात. पण काढलीये मी कधी?"

खरंच काढली नव्हती. मे महिन्यात, पंखे बंद पडलेले असताना, पत्र्याखाली, ते लोकरीची टोपी घालून बसायचे. कँटीनमध्ये टोपी. सायकलवर टोपी. कंपनीच्या हळदीकुंकवाला आले तेव्हा पण टोपी! तिथे आमच्यातली एक हळूच मागून टोपी उचलायला गेली, तर न वळताच म्हणाले, "ट्यूबलाइट चालू आहे. बायका आंधळ्या होतील." मग काय बोलणार? माणूस एवढा उकडून घेतोय म्हटल्यावर आपण एका थैलीसाठी किती भांडायचं? शालन पण गुपचूप थैली आत सारायची.

अरे हो, सासूचं राहिलंच! शालनची सासू खरंच गेटावर येऊन बसली. गावात कुणीतरी सांगितलं होतं की त्या खोलीत असले किरण आहेत की पोरीबाळी आतून जळतात, वरून कळत पण नाही. ती म्हणाली, "माज्या सुनंला तितनं भाईर काडा. मला नातू पायजे." वॉचमनने साहेबांना बोलावलं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आजी, असं काही नसतं, जा घरी. साहेब म्हणाले, "आजी, निम्मं खरं आहे. या, दाखवतो," आणि त्यांना थेट लेझर रूममध्ये घेऊन आले. गॉगल घातला, नऊवारीवर अॅप्रन घातला, नथीवर काळा टिपका लावला.

मग खिशातून दोन फुगे काढले. साहेबांच्या खिशात कायम फुगे असायचे, पिंपरी कॅम्पातून आणलेले. एक पारदर्शक, त्याच्या आत दुसरा काळा. दोन्ही फुगवून भिंगाखाली धरून ठेवायला त्यांनी एक शिंकाळं केलं होतं. झाकण लावलं, झाकणाच्या हिरव्या काचेतून आजींना बघायला लावलं, पेडल दाबलं. फट्! आतला काळा फुगा फुटला. बाहेरचा जसाच्या तसा, आत चिंध्या घेऊन टम्म.

आजी दचकून चार पावलं मागे.

"असा असतो डोळा," साहेब म्हणाले. "बाहेरचं बुबुळ काचेसारखं, किरण त्यातून सरळ आत जातो. वरून काही नाही, आतून फट्. पोटाला काही होत नाही आजी, नातवाची काळजी करू नका. डोळ्याची करा. आणि त्यासाठी हा गॉगल."

आजी बराच वेळ त्या फुग्याकडे बघत राहिल्या. मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "ऐकलं का गं? त्यो चष्मा काडलास तर मीच तुजं डोळं काडीन." आणि जाताना साहेबांना, "तेवढा एक फुगा द्या की. आमच्या सरपंचाला दाकवते."

आता सगळ्यात भारी गोष्ट सांगते. गॉगल जड होते, कानामागे रुतायचे, घामाने घसरायचे. साहेबांची पाठ वळली की आम्ही ते कपाळावर सरकवायचो. साहेब ओरडले नाहीत, आमच्यावर ते कधीच ओरडले नाहीत. त्यांनी काय केलं, ड्रॉइंग ऑफिसमधून वाया गेलेले मोठे कागद आणले आणि रोज सकाळी दारासमोरच्या भिंतीवर एक कागद लावायला लागले. त्यावर हिरव्या पेन्सिलीची नुसती गिचमिड. लहान मुलाने रागात ओढल्यासारखी. अधेमधे लाल रेघोट्या, कशाचा कशाला मेळ नाही. आम्हाला वाटलं, टोपीच्या उकाड्याने डोकं गेलं.

पण गॉगल लावला की, अहो, जादू! हिरवं सगळं गायब व्हायचं आणि लाल काळंभोर होऊन अक्षरं उठून दिसायची. पहिल्या दिवशी लिहिलं होतं, "आज कँटीनच्या उसळीत मटकी कमी आणि खडे जास्त आहेत." खरंच होते! दुसऱ्या दिवशी, "पेंट शॉपमधल्या एका मुलाने आपल्यापैकी एकीसाठी गजरा आणला होता, तो वॉचमनने जप्त केला." झालं! दिवसभर आम्ही गॉगल लावूनच, कोण ती, कोण तो. तेव्हा रंगीत टीव्ही यायचा होता, आमचा रंगीत टीव्ही म्हणजे तो कागद. दुपारच्या शिफ्टच्या मुली धावत यायच्या, आधी गॉगल, मग बाकीचं. मधल्या सुट्टीत साहेब गुपचूप एक ओळ वाढवून जायचे, म्हणून गॉगल काढायची सोय नाही, काही निसटलं तर! मी एकदा विचारलं, "साहेब, या बातम्या खऱ्या असतात का?" तर म्हणाले, "गॉगल खरा आहे ना? मग बास."

आता दुसरी बाजू. आमच्याकडे एक प्रॉडक्शन साहेब होते. सूट नाही, पण टाय रोज, आणि टायला सोनेरी पिन. ती पिन आणि टोपीसाहेब यांचं काय जमणार! प्रॉडक्शन साहेब दारात आले की आमचे साहेब हात पुढे करायचे, "पिन." ते चिडून पिन काढून द्यायचे, जाताना परत घ्यायचे. त्यांचं म्हणणं एकच, "दर पीसला झाकण उघडा, झाकण लावा! ही काय लोणच्याची बरणी आहे? त्या बटणात काहीतरी खुपसून टाका. बटण दाबलेलं राहील, झाकण उघडं ठेवून काम होईल, माल दुप्पट." शालनला तर एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "तुझा आकडा खुपस, बाकी मी बघतो."

शालन म्हणाली, "तुमीच खुपसा, आन् तुमीच डोळं लावून बगा."

पण आमच्या साहेबांनी एक घोळ करून ठेवला. बँकेचे लोक मशीन बघायला आले होते. त्यातल्या मोठ्या साहेबांच्या बेल्टला हे एवढं पितळी बक्कल. आमचे साहेब म्हणाले, "झाका किंवा काढा." जादाचे अॅप्रन नेमके धुवायला गेलेले, म्हणून बेल्ट काढला. आणि पँट ढिली निघाली! ते बिचारे अख्खी लेझर रूम दोन्ही हातांनी पँट धरून बघत फिरले. आम्ही गॉगलच्या आत डोळे मिटून घेतले, हसू बाहेर पडू नये म्हणून. शालनच्या घशातून मात्र कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला.

त्याच संध्याकाळी मालकांनी साहेबांना बोलावलं. प्रॉडक्शन साहेब आधीच तिथे बसलेले. बाहेर येऊन साहेबांनी आम्हाला सगळं सांगितलं, लपवलं नाही. "आणखी एक तक्रार झाली, की ही किल्ली प्रॉडक्शनकडे." त्यांनी शर्टावरून किल्ली दाबून धरली होती. किल्ली तिकडे गेली तर पहिल्याच दिवशी बटणात काय खुपसलं जाणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. मग आमच्यापैकी कुणाच्या डोळ्याचा फुगा आधी फुटणार, एवढंच बघायचं राहिलं असतं.

आणि आली खंडेनवमी!

खंडेनवमीला आमच्या पट्ट्यात एक कंपनी अशी नाही जिथे मशीन पुजत नाहीत. लेथला झेंडू, प्रेसला झेंडू, फोर्कलिफ्टला ऊस बांधलेला. आमच्या घरी पूजाबिजा करत नाहीत, पण कंपनीतल्या खंडेनवमीला मी सगळ्यांच्या आधी हजर, पेढे असतात ना! आणि रीत अशी की पूजा झाली की मशीन एकदा चालवायचं. नुसतं हळदकुंकू वाहून सोडायचं नाही, मशीनने काम करून दाखवायचं, तरच वर्ष चांगलं जातं. त्या वर्षी मालकांनी ठरवलं की मुख्य पूजा लेझर मशीनची, मालकीणबाईंच्या हातून. फोटो कंपनीच्या अंकात येणार. प्रॉडक्शन साहेब फोटोग्राफरला सांगत होते, "झाकण उघडंच ठेवायचं. ताट आत टेबलावर, बाईसाहेब पेडल दाबतील, ठिणगी फोटोत आली पाहिजे."

ताट चांदीचं! मोठंच्या मोठं, घासून लख्ख, आणि ठेवायचं कुठे, तर बरोबर भिंगाखाली. आमच्या साहेबांचा चेहरा बघवत नव्हता. ताट नको म्हटलं, तर तक्रार. गॉगल लावा म्हटलं, तर "फोटोत तोंडं दिसणार नाहीत" म्हणून तक्रार. प्रॉडक्शन साहेब तर वाटच बघत होते, कधी हे तोंड उघडतात.

साहेबांनी तोंड उघडलं नाही. ते नुसते नमस्कार करून बाजूला उभे राहिले. त्या दिवशी हात पुढे करून पिन पण मागितली नाही. मला शंकाच आली, हे एवढे शहाणे कधीपासून?

मग मी भिंतीकडे बघितलं. नवा कागद, हिरवी गिचमिड. सणाचा म्हणून वर झेंडूची माळ. आम्ही मुलींनी सवयीने गॉगल लावले. वाचलं. आणि मग जे हसू सुटलं! आम्ही एकमेकींना चिमटे काढतोय, पदर तोंडात कोंबतोय, नजर मात्र सगळ्यांची प्रॉडक्शन साहेबांवर.

मालकीणबाई निरांजन लावता लावता थांबल्या. "काय गं, काय झालं?"

शालन पुढे. "काय न्हाई बाईसाहेब. त्ये तितं लिवलंय."

"कुठे? नुसत्या रेघोट्या आहेत."

"चष्म्यातनंच दिसतंय बाईसाहेब."

आणि साहेबांनी तत्परतेने, अगदी लग्नात विडा देतात तसा, गॉगल पुढे केला. ओळीने मांडूनच ठेवले होते, पुसून! मालकीणबाईंनी लावला. वाचलं. प्रॉडक्शन साहेबांकडे बघितलं. "अगंबाई!" म्हणाल्या आणि हसायला लागल्या, निरांजनाची वात विझेल इतक्या. मालक म्हणाले, "काय आहे एवढं?" "तुम्ही लावा म्हणजे कळेल." मालकांनी लावला, त्यांनी आधी खोकून बघितलं, मग पाठ वळवून खांदे हलवत उभे राहिले. फोटोग्राफरने पण लावला. आता खोलीत बिनगॉगलचे एकटे प्रॉडक्शन साहेब, आणि सगळा गाव त्यांच्याकडे बघून हसतोय!

"काय आहे? काय लिहिलंय?"

"लावा हो," मालक म्हणाले, "तुमच्यासाठीच आहे."

ते तसेच ताणून उभे. कोण लावणार त्या टोपीवाल्याचा गॉगल! पण किती वेळ? शालनच्या घशातली ती शिट्टी परत सुरू झाली, तसा त्यांनी गॉगल हिसकावून घेतला आणि नाकावर ठेवला. त्या क्षणी आमच्या साहेबांनी गळ्यातून किल्ली काढली आणि फिरवली. त्यांच्या मते काळजी नव्हती. झाकण उघडं, म्हणजे बटण सुटलेलं, म्हणजे किरण येणारच नाही. बाईसाहेब पेडल दाबतील, काही होणार नाही, टाळ्या होतील. पण तरी आधी सगळ्यांचे गॉगल. हे त्यांचं असं.

कागदावर लिहिलं होतं, "प्रॉडक्शन साहेबांच्या बुटाखाली शेण आहे. पूजा आहे, कुणी बोलू नका."

प्रॉडक्शन साहेबांनी वाचलं आणि झटकन एक हात मशीनच्या टेबलाला टेकवून, एक पाय वर उचलून, वाकून बुटाचा तळ बघायला लागले. मालकीणबाई हसता हसता "चला, मुहूर्त जाईल" म्हणाल्या आणि पेडलवर पाय ठेवला.

टक्!

चांदीच्या ताटात ठिणगी! कुणाला काही कळायच्या आत दुसरी, टक्! बाई घाबरून पाय काढायच्या ऐवजी जास्तच दाबत होत्या. टक्, टक्! आणि वाकलेल्या प्रॉडक्शन साहेबांचा टाय लोंबत लोंबत बरोबर ताटावर आला होता. टायमधून धूर! टेरेलिन जळल्याचा वास, फोटोग्राफरचा फ्लॅश, आणि आमच्या साहेबांचा आवाज, "पाय!" आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. त्यांनी किल्ली उलटी फिरवून ओढून घेतली.

निरांजन तेवढं तेवत होतं.

साहेब आधी मशीनकडे गेले नाहीत. ते समोरच्या भिंतीकडे गेले आणि बोट ठेवून उभे राहिले. काळ्या रंगावर एक पांढरा टिपका पडला होता. रंग जळून आतला चुना दिसत होता. पहिली ठिणगी पडली तेव्हा ताटावरून उसळलेला किरण तिथे गेला होता. टिपका डोळ्यांच्याच उंचीला होता, आणि ताटापासून तिथवर जाताना किरण मालकीणबाईंच्या नाकाच्या वीतभर बाजूने गेला होता. बाईंनी टिपका बघितला, मग ताट, मग गॉगलला हात लावून बघितला, आहे ना जागेवर.

"झाकण उघडं होतं," मालक हळू म्हणाले. "मग चालू कसं झालं?"

साहेबांनी झाकणाखालच्या बटणात दोन बोटं घातली आणि खुपसलेली वस्तू ओढून काढली. हातावर ठेवली. सोनेरी टायपिन. गेल्या दिवाळीला मालकांनीच सगळ्या ऑफिसरना वाटलेली. मालकांनी पिनकडे बघितलं, मग बिनपिनच्या, भोक पडलेल्या टायकडे. प्रॉडक्शन साहेब अजून एका पायावर उभे होते. पाय खाली टेकवायचं सुचतच नव्हतं.

"ठिणगी फोटोत यावी म्हणून..." ते पुटपुटले. मालकांनी साहेबांच्या हातातली किल्ली घेतली. आम्हाला वाटलं, गेली! त्यांनी दोऱ्याची गाठ नीट बघितली, घट्ट केली आणि स्वतःच्या हाताने परत साहेबांच्या गळ्यात घातली. टोपीवरून, जपून.

"आणि शेण?" मालकीणबाईंनी इतक्या वेळाने विचारलं. "शेण होतं का खरं?"

"नव्हतं बाईसाहेब," साहेब म्हणाले. तोंड अगदी सरळ. "पण सणाच्या दिवशी बघून घेतलेलं बरं."

तो फोटो अंकात छापून आला. सगळे गॉगलमध्ये, मधे चांदीचं ताट, आणि प्रॉडक्शन साहेब एका पायावर. खाली लिहिलं होतं, आधुनिक यंत्राचे पूजन. त्यानंतर किल्लीचं नाव कुणी काढलं नाही. दुसऱ्या वर्षी पूजेला ताट पितळेचं आलं, आणि मालकीणबाईंनी ते घरूनच आतून-बाहेरून काळं करून आणलं होतं!

साहेब रिटायर झाले तेव्हा निरोप समारंभ नको म्हणाले. शेवटच्या दिवशी सकाळी किल्ली शालनच्या गळ्यात घातली. शालनचं तोंड पहिल्यांदा बंद. "झाकून ठेव," एवढंच म्हणाले. संध्याकाळी आम्ही मशीन बंद करून गॉगल काढणार, तेवढ्यात माझं भिंतीकडे लक्ष गेलं. नवा कागद होता, सकाळी नव्हता. आम्ही सगळ्या रडवेल्या, आता काहीतरी आशीर्वाद लिहिला असणार. गॉगल सरळ केले आणि वाचलं.

"मागे वळून बघू नका. मी टोपी काढली आहे."

आम्ही सगळ्या वळलो! कोण थांबतंय!

साहेब दारात उभे होते, काळी लोकरीची टोपी हातात. आणि डोक्यावर केस. टक्कल कुठलं! कपाळापासून मानेपर्यंत दाट, पांढरेशुभ्र, कुरळे, पीळदार केस. एखाद्या नाटकातल्या राजासारखे. आम्ही तोंड उघडं टाकून बघत राहिलो. साहेबांनी केसांतून एकदा हात फिरवला, टोपी परत घातली, कानापर्यंत ओढली आणि सायकल घेऊन निघाले. काळी घंटी वाजवत.

पहिला आवाज शालनलाच फुटला. किल्ली मुठीत धरून ती दारापर्यंत धावली आणि ओरडली, "अवं साहेब! येवढी वर्सं आमच्यापायी डोस्कं उकडून घेतलं व्हय!"

मग आत आली, डोळे पुसले, ब्लाऊजबाहेर आलेली थैली आत सारली आणि आमच्यावर खेकसली, "काय बगताय? चष्मे जाग्यावर ठिवा, पुसून!"